स्टॉक, स्लिप-ऑन की फुल सिस्टीम? ठाणे-नवी मुंबईत सायलेन्सर बदलण्याआधी

सायलेन्सर बदलायचा म्हटलं की पर्याय तीनच उरतात. कंपनीचा आहे तोच ठेवायचा. फक्त मागचा डबा बदलायचा, म्हणजे स्लिप-ऑन. किंवा इंजिनच्या हेडपासून बेंड पाइपसकट (हेडमधून धूर मागच्या डब्यापर्यंत नेणारा वळणदार पाइप) सगळं नवं घालायचं, म्हणजे फुल सिस्टीम. दुकानात बोलणं आवाजापासून सुरू होतं आणि ‘पिक-अप पण वाढेल’वर येऊन थांबतं. म्हणून आधी पिक-अपचाच हिशोब मांडू.

रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्या. ३४९ सीसी, ६१०० आरपीएमला २०.२ बीएचपी, ४००० आरपीएमला २७ न्यूटन-मीटर. नुसत्या स्लिप-ऑनने ताकद वाढलीच तर एखाद-दोन टक्के, म्हणजे अर्धा बीएचपीसुद्धा नाही. आणि तीही वरच्या आरपीएमला. सकाळी नऊ वाजता मानपाड्याहून कापूरबावडीकडे निघालेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये दोन-तीन हजार आरपीएमवर रखडत असते; तिथे ही वाढ हाताला लागतच नाही. खरा फरक पडतो तो वजनात. चांगल्या स्टीलचा डबा मूळ डब्यापेक्षा दोन-तीन किलोंनी हलका असू शकतो. बाकीचा ‘पिक-अप’ बहुतेक कानाचा असतो: आवाज मोठा झाला की गाडी पळतेय असं वाटतं.

फुल सिस्टीमचं गणित वेगळं. बेंड पाइपचा व्यास आणि लांबी बदलते, त्यासोबत इंधनाचा मॅप (कोणत्या आरपीएमला किती पेट्रोल सोडायचं याचं कोष्टक) नीट बसवून घेतला तर वाढ जाणवण्याइतकी होते. मॅप न करता नुसता जाड पाइप घातला तर उलट खालच्या आरपीएमचा दम जातो. ‘इंजिनला बॅक प्रेशर (धूर बाहेर पडताना होणारा अडथळा) लागतंच’ असं मेकॅनिक सांगतात, पण ते कारण बरोबर नाही. जाड पाइपात वायूचा वेग मंदावतो, दाबाची लाट एक्झॉस्ट वाल्व्हपाशी चुकीच्या वेळी परत येते आणि सिलिंडर नीट रिकामा होत नाही. तोटा नेमका शहरात लागणाऱ्या आरपीएमवरच होतो.

पिक-अपच हवा असेल तर पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, बघा. १४ दातांच्या जागी १३ बसवलं तर चाकावरचा जोर जवळपास पावणेआठ टक्क्यांनी वाढतो, आवाज तेवढाच राहतो. हायवेला इंजिन थोडं जास्त फिरेल, इतकंच.

आता आवाज. १७५ सीसीवरच्या मोटरसायकलला कारखान्यातून निघताना ८० डेसिबलची मर्यादा आहे आणि मोजमाप साडेसात मीटरवरून, जोरात ॲक्सिलरेट करताना होतं. १० डेसिबल वाढले की माणसाच्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत जेमतेम ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे साडेसात मीटरवर ९५ डेसिबल देणारा डबा ३० मीटरवरही ८३ देतो, आणि निवासी भागाची रात्रीची मर्यादा आहे ४५. त्यात आपल्याकडच्या सोसायट्यांचं स्टिल्ट पार्किंग: खाली काँक्रीट, वर स्लॅब, तिन्ही बाजूंनी भिंती. पहाटे साडेपाचला थंड इंजिन चोक दिल्यासारखं चढ्या आरपीएमवर मिनिट-दीड मिनिट धडधडतं आणि तो सगळा आवाज जिन्यातून वर चढतो. पहिल्या मजल्यावर कुणाचं तान्हं बाळ असेल, कुणी रात्रपाळी करून नुकतंच झोपलं असेल. हा विचार बिलाच्या रकमेआधी व्हायला हवा.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाचं मानक मोडल्यास पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. डब्यावरचा युरोपियन मंजुरीचा ‘ई’ शिक्का इथे परवाना ठरत नाही. तोही ठरावीक मॉडेलसाठी आणि आत डीबी किलर (आवाज दाबणारी, काढता येणारी नळी) असतानाच खरा असतो. डीबी किलर एका बोल्टवर निघतो. पाम बीच रोडवर रात्री जे कानठळ्या बसवतं, ते बऱ्याचदा याच काढलेल्या नळीमुळे.

स्लिप-ऑन घ्यायचं ठरलंच तर आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) कुठे आहे ते पाहा. बेंड पाइपमध्ये असेल तर डबा बदलूनही तो जागेवर राहतो. डब्यातच असेल तर डब्याबरोबर तोही जातो, आणि पीयूसीला अडचण येऊ शकते. बसवताना इंजिन पूर्ण गार हवं. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. हेडचा स्टड तुटला तर सायलेन्सरपेक्षा तो काढण्याची मजुरी डोकेदुखी ठरते. जोडाचं गॅस्केट नवंच घ्या, एकदा दबलेलं पुन्हा नीट बसत नाही. सगळे बोल्ट आधी हातानेच लावा, डबा ताण न घेता जागेवर बसू द्या, मग हेडकडून मागे घट्ट करत या. ऑक्सिजन सेन्सर काढावा लागला तर त्याच्या टोकाला ग्रीस किंवा साधा सिलिकॉन लागू देऊ नका, सेन्सर खराब होतो. चालू करण्याआधी बोटांचे तेलकट डाग पुसा, नाहीतर ते स्टीलवर कायमचे भाजले जातात.

थ्रॉटल सोडल्यावर फटफट फटाके वाजू लागले, तर तो ‘रेसिंग आवाज’ नव्हे. बहुतेक वेळा जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतं. साबणाचं पाणी मारून, गार इंजिन नुकतंच सुरू केल्यावर जोडाशी बुडबुडे दिसतात का बघा. जोड चोख असूनही फटाके थांबत नसतील तर मिश्रण पातळ झालंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय; मॅप तपासा. बीएस६ गाडीचा ऑक्सिजन सेन्सर मध्यम थ्रॉटलला इंधन सावरून घेतो, पूर्ण थ्रॉटलला मात्र गाडी ठरलेल्या मॅपवरच चालते. फुल सिस्टीमवाले इथेच फसतात.

आमचं मत सरळ आहे. रोजचं ठाणे-बेलापूर रोडवरचं येणं-जाणं असेल तर स्टॉक. वजन किंवा रूप यासाठी हवाच असेल तर डीबी किलर पक्का ठेवलेला स्लिप-ऑन, तोही आवाज मूळ डब्याच्या जवळपास असेल तरच. फुल सिस्टीम ट्रॅकवर नेणाऱ्यांसाठी. बदल केलाच तर पहिल्या ५० किलोमीटरनंतर क्लॅम्प पुन्हा आवळा आणि मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नका; तोंडं कापडाने बंद करून, तेलाचा हात फिरवून ठेवा. वॉरंटीला आणि गाडी विकताना तोच विचारला जातो.