मणिभवन, आगाखान पॅलेस की सेवाग्राम?

गांधीजी जिथे राहिले अशा महाराष्ट्रातल्या जागांपैकी मुलांना घेऊन एकच बघायची असेल, तर मी सेवाग्राम म्हणेन. वर्धा लांब पडतं हे मान्य; मुंबई-पुण्याहून रात्रीचा रेल्वे प्रवास आलाच. पण तिथल्या वस्तू जिथे वापरल्या गेल्या, तिथेच आहेत.

१९३६ साली गांधीजी इथे आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायला लागला म्हणून १९४० मध्ये ते सेवाग्राम झालं. बापू कुटी माती-बांबूची; खर्च शंभर रुपयांच्या आत ठेवायचा, ही अट खुद्द गांधीजींची. आत बैठक, काठी, तीन माकडं. व्हाइसरॉयशी बोलता यावं म्हणून बसवलेला फोनही आवारात आहे. मुलं तिथेच रेंगाळतात. परचुरे शास्त्रींची कुटी मात्र घाईत सुटू देऊ नका. कुष्ठरोग झालेल्या या संस्कृत पंडितांची शुश्रूषा गांधीजी स्वतः करत.

पुण्याच्या आगाखान पॅलेसचा बाज अगदी वेगळा. हा महाल १९४२ ते १९४४ गांधीजींचा तुरुंग होता. अटकेला आठवडाही झाला नव्हता, तोच १५ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांचं इथे निधन झालं. २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबाही गेल्या. दोघांच्या समाध्या मागच्या आवारात आहेत. बहुतेक लोक समोरच्या कमानींपाशी फोटो काढून परततात, आणि खरं बघण्यासारखं तेच राहून जातं. कस्तुरबांसाठी जायचं असेल तर मात्र माझी पहिली पसंती बाजूला ठेवा आणि पुणंच निवडा. इथे तिकीट आहे.

मणिभवन मुंबईत, गावदेवीला, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत जाण्याजोगं. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचा मुंबईतला मुक्काम इथेच असायचा. प्रसंगदर्शनं (छोट्या बाहुल्यांचे देखावे), छायाचित्रं, पत्रं पाहून लहान मुलांना जीवनपट चटकन कळतो. अभ्यासकांसाठी ग्रंथालय आहे. गच्ची बघाच. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे गांधीजींना तिथूनच अटक झाली. वेळ फक्त तासाभराचा असेल, तर हेच बरं.

सेवाग्राम ठरलंच तर मे महिना टाळा, विदर्भाचं ऊन मुलांना सोसत नाही. आश्रमासमोर यात्री निवास आहे. मुक्काम केला तर दुसऱ्या दिवशी धाम नदीकाठचा विनोबांचा पवनार आश्रमही होतो.