दंडावरचा सेन्सर: आठ महिन्यांनंतर

लेक नऊ वर्षांची, तिला टाइप 1 मधुमेह. ऑगस्टपासून तिच्या दंडाच्या मागच्या बाजूला चौदा दिवस चालणारा ग्लुकोज सेन्सर लावतोय. त्याआधी दिवसातून सहा-सात वेळा बोट टोचणं आणि रात्री दोनचा गजर.

सुरुवातीला मी फोनवर नुसता साखरेचा आकडा बघायचे. 180 दिसला की पोटात गोळा! खरा उपयोग आकड्याशेजारच्या बाणाचा, हे कळलं जानेवारीत, आमच्या सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेत. होम मैदानावर दोन तास हिंडून पाळण्याच्या रांगेत उभ्या होतो. फोनवर 112, पण बाण सरळ खाली, म्हणजे मिनिटाला दोनपेक्षा जास्त वेगानं उतरतेय. तिथंच ग्लुकोज पावडर दिली. तरी वीस मिनिटांत 74 वर आली, मग सावरली. नुसतं बोट टोचून 112 आलं असतं तर मी तिला खुशाल पाळण्यात बसवलं असतं.

घरातला एक वादही मिटला. सासूबाईंचं म्हणणं, पोह्यांत कुठं साखर असते? आलेख दाखवला. पोह्यांनी सरळ उभी चढण, तर कडक भाकरी आणि शेंगाचटणीनं सावकाश चढ. आता त्याच विचारतात, "बाण कुठं चाललाय?"

त्रासही आहे. त्या दंडावर झोपली की दाबानं आकडा खोटाच खाली जातो. एका रात्री 58 बघून तिला उठवून साखरपाणी पाजलं, तर सकाळी 290. आता आधी कूस बदलते, मग बोट टोचते. सेन्सर रक्तातली नव्हे, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून थोडा मागं असतो. लेक घामाघूम दिसतेय आणि आकडा चांगला आहे, तर मी लेकीवर विश्वास ठेवते आणि मीटर काढते.

शाळेत फोन बाईंच्या टेबलावर. लेक मैदानात गेली की सेन्सरचा फोनशी संपर्क तुटतो. परत आल्यावर स्कॅन केलं की मागच्या आठ तासांची नोंद दिसते, पण धावताना उतरली तर गजर वाजणार कुणाकडं?

सोलापूरचा एप्रिल तर विचारूच नका. घामानं नवव्या दिवशीच चिकटपट्टी सुटली, पाच दिवसांचे पैसे पाण्यात. आता वरून जादा टेप लावतो.

सलग लावायचे तर वर्षाला 26 सेन्सर. आम्हाला झेपत नाही. महिन्याला एकच घेतो, तोही परीक्षा, सहल, लग्नकार्य बघून. बाकीचे दिवस जुनं मीटर आणि दोनचा गजर.