मार्टिन की हॅरिस: पहिली पसंती कोणाला?

नव्याने आयरिश पासपोर्ट मिळालेल्या आपल्या माणसांकडून हल्ली एक प्रश्न हमखास येतो. मिहॉल मार्टिन यांचा फियाना फॉल आणि सायमन हॅरिस यांचा फिना गेल एकाच सरकारात मांडीला मांडी लावून बसले आहेत, मग याला मत दिलं काय नि त्याला दिलं काय, फरक तो कसला? प्रश्न रास्त आहे. भारताचं नागरिकत्व सोडून, ओसीआयची कागदपत्रं जमवताना घाम गाळून मिळवलेलं मत आहे, ते असंच कुठेतरी टाकवत नाही. नोव्हेंबर २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मी या पेचातून गेलो आहे. तेव्हा काय पाहिलं, आणि त्यानंतरच्या वर्षभरात काय पाहिलं, ते २०२५ सरताना लिहून ठेवतो. उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे घालून पसंतीक्रमाने मत द्यायचं, डॉल म्हणजे संसदेचं खालचं सभागृह, टीशक म्हणजे पंतप्रधान, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने बोलून टाकू. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा ओढा फिना गेलकडे असतो, आणि त्याचं कारण धोरणबिरण काही नाही. कारण लिओ वराडकर. वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, आणि टीशक असताना २०१९ च्या डिसेंबरात हा माणूस गावाला जाऊन आला. कोकणातल्या कोणाला अप्रूप वाटणार नाही? पण वराडकरांनी मार्च २०२४ मध्ये पद सोडायचं जाहीर केलं, त्याच वर्षी ते डॉलमधूनही बाहेर पडले, तेव्हा तो हिशेब आता मिटला. आज फिना गेल म्हणजे सायमन हॅरिस.

आकडे थोडक्यात. १७४ जागांच्या डॉलमध्ये बहुमताला ८८ लागतात. फियाना फॉल ४८, फिना गेल ३८, म्हणजे ८६. उरलेली तूट अपक्षांनी भरून काढली. त्या अपक्षांच्या गटाचे म्होरके मायकल लाउरी. त्यांच्यावर मोरियार्टी चौकशी आयोगाने २०११ मध्ये कडक ताशेरे ओढले होते, आणि या सोयरिकीचा डाग दोन्ही पक्षांना सारखाच लागला आहे. मिहॉल मार्टिन नोव्हेंबर २०२७ पर्यंत टीशक, त्यानंतर हॅरिस. अडीच-अडीच वर्षांच्या वायद्यावरून आपल्याकडे २०१९ मध्ये जे महाभारत झालं ते आठवलं की इथल्या वाटणीवर विश्वास बसत नाही. पण इथे हा प्रयोग एकदा करून झाला आहे. १७ डिसेंबर २०२२ ला मार्टिन यांनी खुर्ची वराडकरांच्या हवाली केली आणि स्वतः परराष्ट्र खातं घेऊन कामाला लागले. कुठे रुसवा नाही, कुठे आमदार घेऊन हॉटेल गाठणं नाही. माझ्या मनात मार्टिन यांच्याबद्दल पहिला बरा शब्द उमटला तो त्या दिवशी.

आता हॅरिस. माणूस हुशार आहे, झपाट्याचा आहे. चोविसाव्या वर्षी डॉलमध्ये, सदतिसाव्या वर्षी टीशक, देशाच्या इतिहासात सगळ्यात तरुण. २०१८ च्या गर्भपाताच्या सार्वमतानंतरचा कायदा आरोग्यमंत्री म्हणून त्यांनीच मार्गी लावला, आणि गर्भपात नाकारल्यावर इथे दगावलेल्या सविता हलप्पनवार यांचं प्रकरण विसरू न शकलेल्या आपल्या समाजाने त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनजवळच्या टॅलात एका भारतीयावर झालेल्या हल्ल्यानंतर भारतीयांवरच्या मारहाणीच्या बातम्या एकामागून एक यायला लागल्या, तेव्हा उपपंतप्रधान म्हणून त्यांनी आपल्या समाजाच्या प्रतिनिधींना बोलावून घेतलं, ऐकून घेतलं, हल्ल्यांचा स्पष्ट निषेध केला. ते मी विसरलेलो नाही.

तरीही त्यांच्या नावापुढे १ लिहायला माझा हात धजत नाही. त्याचं कारण एकच, आणि ते कदाचित तुम्हाला क्षुल्लक वाटेल.

२०२४ च्या मतदानाला आठवडा उरला होता. कॉर्क जिल्ह्यातल्या कँटर्कमध्ये, एका सुपरमार्केटात हॅरिस हात मिळवत फिरत होते. अपंगांची देखभाल करणाऱ्या एका कर्मचारी बाईंनी त्यांना थांबवलं आणि म्हणाल्या की आमच्या क्षेत्राकडे तुम्ही दुर्लक्ष केलंत. हॅरिस यांनी ते तिथल्या तिथे झटकून टाकलं, बाई बोलत असतानाच हात मिळवला आणि पुढे निघाले. बाईंच्या डोळ्यांत पाणी. हे सगळं कॅमेऱ्यात. दुसऱ्या दिवशी फोन, माफी, आणि अर्थात माफीचा व्हिडिओ. माफी मनापासूनची नव्हती असं मी म्हणणार नाही. पण ती चित्रफीत मी पुन्हा पुन्हा पाहिली, आणि दर वेळी माझी नजर त्यांच्या हाताकडे जायची. तो हात बाईंचं बोलणं आटोपतं घ्यायला पुढे आला होता. घाई. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर तयार, आणि उत्तर चुकलं की निस्तरायला दुसरं उत्तर तयार.

एक प्रसंग म्हणून सोडूनही दिला असता. पण बरोबर वर्षाने, २०२५ च्या नोव्हेंबरात, हॅरिस म्हणाले की देशातले स्थलांतराचे आकडे फार जास्त आहेत. त्यांचा रोख आश्रयाच्या अर्जांकडे होता, हे त्यांचं पुढचं बोलणं ऐकलं तर कळतं. पण पुढचं बोलणं ऐकतो कोण? दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या किचनमध्ये चहाची किटली उकळत असताना एक सहकारी, खरंच सज्जन माणूस, मला म्हणाला, बरोबरच बोलले ते, अर्थात तू त्यातला नाहीस. हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलं असेल. त्यावर हसायचं की वाद घालायचा हे ठरेपर्यंत किटली बंद पडते आणि माणूस कप घेऊन निघून जातो. ऑगस्टमध्ये आमच्या प्रतिनिधींसमोर बसून धीर देणारे हॅरिस आणि नोव्हेंबरातले हॅरिस एकच आहेत, आणि दोन्ही वेळा ते खरंच बोलत असतील. अडचण तीच आहे. ज्या दिवशी जो समोर, त्या दिवशी त्याचं पारडं जड.

न्यायाने बोलायचं तर उलट बाजूही सांगायला हवी. आश्रयाचे आणि कुटुंबाला बोलावण्याचे नियम प्रत्यक्षात कडक करणारा प्रस्ताव त्याच महिन्याच्या अखेरीस मंत्रिमंडळात आणला तो न्यायमंत्री जिम ओकॅलाहन यांनी, आणि ते मार्टिन यांच्या पक्षाचे. म्हणजे बोलले एक, केलं दुसऱ्याने. कोणी म्हणेल की करणाऱ्यापेक्षा बोलणाऱ्यावर राग धरणं हा उलटा न्याय झाला. असेलही. पण कायदा निदान वाचता येतो, आपल्याला लागू होतो की नाही ते तपासता येतं. हवेत सोडलेलं वाक्य सगळ्यांनाच लागू होतं.

मार्टिन यांचं कौतुक करायला मात्र जिवावर येतं. भाषण म्हणाल तर कंटाळवाणं. वाक्य सुरू कुठे होतं, संपतं कुठे, पत्ता नाही. विरोधकांवर वैतागले की शाळामास्तर जागा होतो, आणि होते ते मास्तरच. वय पासष्ट. घरांच्या बाबतीत तर त्यांच्या पक्षाला तोंडच नाही: निवडणुकीआधी २०२४ मध्ये चाळीस हजारांच्या घरात घरं होतील असं त्यांच्याच गृहनिर्माणमंत्र्यांनी छातीठोकपणे सांगितलं, मतं पडून गेल्यावर खरा आकडा आला ३०,३३०. हॅरिसही प्रचारात तेच सांगत होते, त्यामुळे तुलनेत बरोबरी सुटते, पण भाड्याच्या घरात राहणाऱ्याला त्या बरोबरीचा काय उपयोग?

आणि मग जिम गॅव्हिन. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षात बिली केलहर इच्छुक असताना मार्टिन यांनी डब्लिनच्या गेलिक फुटबॉल संघाच्या या माजी प्रशिक्षकाला पुढे आणलं. राजकारणाचा अनुभव शून्य. जुन्या भाडेकरूचे ३,३०० युरो परत न केल्याचं प्रकरण निघालं आणि २०२५ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला गॅव्हिन यांनी प्रचार थांबवला, नाव तेवढं मतपत्रिकेवर राहिलं. पक्षातच मार्टिन यांच्यावर झोड उठली, आणि ती योग्यच होती. फिना गेलच्या हेदर हम्फ्रीज यांनाही ३० टक्क्यांच्या आतच मतं पडली आणि डाव्यांच्या एकजुटीच्या जोरावर कॅथरीन कॉनली ६३ टक्के घेऊन निवडून आल्या. दोन लाखांहून जास्त मतं बाद झाली, त्यातली कित्येक लोकांनी मुद्दाम बाद केलेली. हा दणका दोघा नेत्यांना मिळून होता.

मग मार्टिनच का? कारण या माणसाला मार खाऊन उभं राहता येतं, आणि एकदा काही ठरवलं की लोक ओरडले तरी ते तडीला नेता येतं. २००४ च्या मार्चमध्ये पबमध्ये धूम्रपान बंद झालं ते आरोग्यमंत्री मार्टिन यांच्यामुळे. असं देशभर करणारा आयर्लंड जगातला पहिला देश. पबवाल्यांनी आकाशपाताळ एक केलं होतं, स्वपक्षातले लोकही कुरकुरत होते. आज पबच्या दाराशी पावसात कुडकुडत सिगारेट ओढणारी मंडळी दिसली की मला ते आठवतं. २०११ मध्ये पक्ष २० जागांवर आला तेव्हा त्याची तेराव्याची तयारी झाली होती. तिथून ४४, मग ३८, आता ४८. फिना गेलचा प्रवास उलटा: ७६, ५०, ३५, ३८. पंधरा वर्षं होत आली सलग सत्तेत, आणि गेल्या निवडणुकीत निम्म्याच्या आसपास जुने खासदार उभेच राहिले नाहीत.

विरोधी शिन फेनच्या नेत्या मेरी लू मॅकडोनाल्ड यांचं काय, हेही विचारलं जातं, आणि विचारायलाच हवं. २०२० मध्ये शिन फेनला सगळ्यात जास्त मतं पडली, पण उमेदवारच ४२ उभे केले होते, त्यातले ३७ निवडून आले. पुढे मतचाचण्यांत पक्ष तीस टक्क्यांच्या वर गेला आणि २०२४ मध्ये १९ वर उतरला. घरांवर त्या पोटतिडकीने बोलतात, डॉलमध्ये मार्टिन यांना घाम फोडतात. गणित मात्र जमत नाही. शिन फेन, लेबर, सोशल डेमोक्रॅट्स, पीपल बिफोर प्रॉफिट आणि ग्रीन अशी सगळी बेरीज केली तरी ६५. कॉनली यांच्या विजयाने ही मंडळी पहिल्यांदा एका बाजूला उभी राहिली, तेव्हा पुढच्या खेपेला चित्र वेगळं असू शकतं. मला स्वतःला वाटतं की अध्यक्षाला एकत्र मत देणं सोपं, खाती वाटून घेणं कठीण.

लहान पक्षांची धास्ती समजण्यासारखी आहे. सरकारात गेलेला लेबर २०१६ मध्ये ३७ वरून ७ वर आला, ग्रीन २०२४ मध्ये १२ वरून एकावर. म्हणूनच या वेळी इव्हाना बॅसिक यांचा लेबर आणि हॉली केर्न्स यांचा सोशल डेमोक्रॅट्स या दोन्ही पक्षांनी चर्चेला बसून शेवटी लांबूनच नमस्कार केला.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मतमोजणीने. ओळखीतल्या एका कार्यकर्त्याच्या कृपेने आत जाता आलं. कठड्यावर ओणवे झालेले टॅलीवाले, म्हणजे मोजणीवर नजर ठेवणारे पक्षांचे कार्यकर्ते, हातात पुठ्ठा आणि पेन्सिल घेऊन, पेटीतून उलगडणाऱ्या प्रत्येक मतपत्रिकेवर डोळा ठेवून रेघा मारत असतात. अधिकृत आकडा यायच्या कितीतरी आधी त्यांना निकाल माहीत असतो. मी तिथे उभं राहून दुसऱ्या-तिसऱ्या पसंत्या कुठे जातात ते बघत होतो. फिना गेलचं १ असलेल्या मतपत्रिकेवर २ बहुतेकदा फियाना फॉलला, आणि उलटही. शंभर वर्षांपूर्वीच्या यादवी युद्धातून जन्मलेले पक्ष, मतदाराने मात्र त्यांचा संसार केव्हाच लावून दिला आहे. लेबरचा उमेदवार बाद होऊन त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीला जायच्या तेव्हा त्यातल्या फियाना फॉलकडे जरा जास्त वळताना दिसल्या. हे माझ्या डोळ्यांसमोरच्या एका टेबलापुरतं, त्यावरून देशाचा अंदाज बांधू नका. पण मार्टिन यांच्याबद्दल प्रेम नसलेल्यालाही ते चालतात, अशी माझी समजूत तिथे पक्की झाली. युतीच्या राजकारणात चालणं ही मोठी मिळकत आहे.

पुढचं काय दिसतं? २०२६ च्या उत्तरार्धात युरोपीय संघाच्या परिषदेचं अध्यक्षपद आयर्लंडकडे आहे, तोवर मार्टिन यांना हात लावण्याची हिंमत पक्षात कोणी करेल असं वाटत नाही. पुढच्या निवडणुकीतही आपणच नेतृत्व करणार असं ते म्हणतात. मला शंका आहे. त्यांच्याच पक्षातले ओकॅलाहन आणि जॅक चेंबर्स दोघेही कंबर कसून आहेत. हॅरिस यांच्याकडे वय आहे. अर्थमंत्री पास्कल डोनोहू जागतिक बँकेत गेल्यावर अर्थखातंही त्यांनी स्वतःकडे घेतलं, आणि त्या खात्यात घाई चालत नाही. तिथे मुरले तर २०२७ मध्ये टीशक होणारा माणूस कँटर्कमधल्यापेक्षा वेगळा असेल, आणि मग मला हे सगळं नव्याने लिहावं लागेल.

तोवर माझा क्रम असा: १ फियाना फॉलच्या उमेदवाराला, पण तो आपल्या भागात दिसणारा असेल तरच, कारण मार्टिन यांचं नाव कॉर्क साउथ-सेंट्रलच्या बाहेर कुठल्याच मतपत्रिकेवर नसतं. २ सोशल डेमोक्रॅट्स किंवा लेबर, ३ फिना गेल. तिथेच थांबू नका, निदान पाच-सहा नावांपर्यंत आकडे घाला, शेवटच्या जागेचा निकाल तिथे लागतो. आणि अजून भारतीय पासपोर्टवर असाल तर डॉलचं मत नसलं तरी २०२९ च्या स्थानिक निवडणुकीत इथल्या प्रत्येक रहिवाशाला मत आहे, मतदार यादीत नाव घातलं नसेल तर आधी ते घाला.