सुरुवातीच्या सोल बूटलेग प्रती: घ्याव्यात का, आणि घेतल्या तर काय म्हणून?

दुर्मीळ सोल संगीताच्या, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय गाण्यांच्या, सुरुवातीच्या बूटलेग (हक्कधारकाच्या परवानगीशिवाय छापलेल्या) प्रतींबद्दल संग्राहकांची मते टोकाची असतात. काहींच्या लेखी तो निव्वळ चोरीचा माल आहे, तर काहींच्या लेखी ती तरुणपणीच्या रात्रींची हाती उरलेली एकमेव खूण आहे. मूळ प्रती, परवाना घेऊन काढलेल्या नव्या आवृत्त्या आणि या बूटलेग प्रती शेजारी शेजारी ठेवून वर्षानुवर्षे ऐकल्यावर माझे मत असे झाले आहे की, गाणे ऐकण्यासाठी म्हणून या प्रती विकत घेण्यात आता अर्थ उरलेला नाही. मात्र एका विशिष्ट काळाचा आणि एका विशिष्ट तबकडीचा पुरावा म्हणून त्यांना मोल आहे, आणि ते मोल ओळखून, त्याच बेताची किंमत मोजून त्या घ्यायला हरकत नाही.

या प्रती मुळात का निघाल्या, हे आधी पाहायला हवे. मँचेस्टरचे ट्विस्टेड व्हील, स्टोक-ऑन-ट्रेंटच्या टन्स्टॉल भागातले गोल्डन टॉर्च, ब्लॅकपूल मक्काची हायलँड रूम आणि सप्टेंबर 1973 पासून रात्रभर जागणारे विगन कसिनो, अशा इंग्लंडच्या उत्तर आणि मध्य भागांतल्या नृत्यक्लबांत जी गाणी वाजत, त्यांतली बहुतेक 1960 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत निघून तिथल्या तिथेच विस्मरणात गेलेली होती. डेट्रॉइट, शिकागो किंवा लॉस एंजेलिसमधल्या छोट्या कंपन्यांनी ती काढली, स्थानिक रेडिओवर चार दिवस वाजली किंवा तेवढीही वाजली नाहीत, आणि उरलेला साठा गोदामात जाऊन पडला. लंडनमध्ये रेकॉर्डचे दुकान चालवणारे आणि नियतकालिकांत सोल संगीतावर लिहिणारे डेव्ह गोडिन यांनी उत्तरेकडच्या या आवडीला ‘नॉर्दर्न सोल’ असे नाव दिले, ते 1970 च्या सुमारास. डीजेच्या पेटीतली एखादी प्रत कित्येकदा देशातली एकमेव ज्ञात प्रत असे, आणि ती एकमेव राहावी म्हणून तो तिच्या लेबलवर कागद चिकटवून गायकाचे व गाण्याचे खोटे नाव सांगत असे. त्याला ‘कव्हर-अप’ म्हणत. एका बाजूला शनिवारच्या रात्री त्याच गाण्यावर नाचणारे शेकडो जण आणि दुसऱ्या बाजूला पेटीतली ती एक तबकडी, अशी ही परिस्थिती होती. तिचा फायदा घेणारा कोणी ना कोणी निघणारच होता.

कायद्याची बाजूही बूटलेग काढणाऱ्यांच्या पथ्यावर पडली. अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने ध्वनिमुद्रणाला संरक्षण दिले ते 15 फेब्रुवारी 1972 पासून, आणि तेही त्या तारखेपासून पुढे झालेल्या ध्वनिमुद्रणांना. त्याआधीचे सगळे काम, म्हणजे नॉर्दर्न सोलचा जवळजवळ सगळा खजिना, वेगवेगळ्या राज्यांच्या कायद्यांच्या भरवशावर सोडलेला होता. ब्रिटनमध्ये 1956 च्या कायद्याने ध्वनिमुद्रणांना संरक्षण होते, परंतु ज्या कंपनीचे दार केव्हाच बंद झाले आहे आणि ज्या गायकाला आपले गाणे समुद्रापलीकडे कोणी ऐकते आहे याचा पत्ताही नाही, त्यांच्या वतीने तक्रार करायला पुढे येणार कोण?

आता प्रत्यक्ष वस्तूकडे येतो. या काळातल्या बूटलेग प्रतींचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. सोल साउंड्ससारखे स्वतःचे नाव छापून निघालेल्या प्रती हा पहिला प्रकार. त्या निदान आपण मूळ असल्याचा आव आणत नाहीत. दुसऱ्या प्रकारात मूळ कंपनीचे लेबल जसेच्या तसे उचललेले असते, आणि खरी फसवणूक होते ती इथे.

दुसऱ्या प्रकारातली एक प्रत हे लिहिताना माझ्यासमोर आहे. हातभर अंतरावरून पाहिले तर लेबल निर्दोष वाटते. भिंग लावल्यावर मात्र गीतकाराच्या आणि प्रकाशकाच्या नावांची बारीक अक्षरे पाहावीत: छापील लेबलचा फोटो काढून त्यावरून पुन्हा छपाई केल्यामुळे ‘ए’ आणि ‘ई’ या इंग्रजी अक्षरांची पोटे शाईने भरून गेली आहेत, आणि मुळात सरळ असलेल्या बारीक रेघा कडांना फुटलेल्या आहेत. पार्श्वभूमीचा रंग मुळापेक्षा किंचित गडद आहे, पण रंगावर मी फारसा विसंबत नाही, कारण खऱ्या प्रतींमध्येही छपाईच्या खेपेनुसार छटा बदलते. अधिक बोलकी आहे ती खाचा संपल्यानंतरची, लेबलच्या आधीची मोकळी पट्टी. मूळ प्रतीवर तिथे यंत्राने ठोकलेले, एका ओळीत बसणारे अंक आहेत. या प्रतीवर तेच अंक हाताने, सुईसारख्या अणकुचीदार वस्तूने, तिरके आणि घाईने कोरलेले दिसतात. बनावट प्रत काढणाऱ्याने अंक बरोबर उतरवले, पण ते उमटवण्याची साधने त्याच्याजवळ नव्हती.

तबकडी कशापासून बनवली आहे, हीदेखील महत्त्वाची खूण आहे. 1960 च्या दशकातल्या अमेरिकी सात इंची रेकॉर्डपैकी बऱ्याचशा व्हायनलच्या नसून पॉलिस्टायरीनच्या आहेत. हा पदार्थ साच्यात भरून तबकडी झटपट तयार होते. ती ताठ असते, वजनाला हलकी असते आणि नखाने हलकेच वाजवली तर कोरडा, टणक आवाज देते. मूळ प्रत स्टायरीनची असल्याची पक्की माहिती असताना हातातली प्रत जराशी वाकत असेल आणि तिचा आवाज बोजड येत असेल, तर ती परत करावी हे उत्तम. उलट बाजूने मात्र खात्री देता येत नाही, कारण काही बूटलेग प्रतीही स्टायरीनवर निघाल्या. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यात घडलेल्या प्रतींवर त्या मोकळ्या पट्टीत एक लहान त्रिकोण आणि त्यापुढे कामाचा क्रमांक आढळतो, आणि त्या क्रमांकावरून तबकडी साधारण कोणत्या काळातली हे ताडता येते. ज्या मूळ आवृत्तीवर हा त्रिकोण असायला हवा, तिच्या प्रतीवर तो नसेल तर विक्रेत्याला सरळ विचारावे.

आवाजाबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण या प्रतींचा सर्वांत मोठा दोष तिथे आहे आणि माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे वैशिष्ट्यही तिथेच आहे. बूटलेग काढणाऱ्याजवळ मास्टर टेप, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाची फीत, क्वचितच असे. त्याच्याजवळ असे ती एक वाजवून वाजवून झिजलेली तबकडी. ती वाजवून टेपवर उतरवायची, टेपवरून नवी मास्टर तबकडी कोरायची आणि तिच्यापासून साचे काढून प्रती छापायच्या, असा हा मार्ग होता, आणि यातल्या प्रत्येक टप्प्यावर आवाजातला काही भाग गळत जातो. सर्वांत आधी जातात त्या झांजा आणि खंजिरी, म्हणजे नाचणाऱ्याला ज्यांच्यावर टाळी द्यायची असते त्याच गोष्टी. बासचा आवाज पसरट होतो. व्हायोलिनचा ताफा आणि मागे गाणाऱ्या मुलींचे सूर एकमेकांत मिसळून त्यांचा एकच धूसर पडदा तयार होतो. मूळ तबकडी वाजवताना यंत्राचा वेग थोडा चढलेला असेल तर संपूर्ण गाणे वरच्या पट्टीत सरकते, आणि मधले भोक अचूक मध्यावर पडलेले नसेल तर लांबवलेला प्रत्येक स्वर डुलतो.

आणि तरीही माझ्यासमोरच्या याच प्रतीत, दुसरा अंतरा सुरू होण्याच्या जरा आधी, एक ठसठशीत ‘टक’ असा आवाज आहे. खाच स्वच्छ आहे, भिंगाखाली तिथे ओरखडा दिसत नाही. तो ओरखडा या तबकडीवर नाहीच. जिच्यावरून ही प्रत काढली गेली त्या मूळ तबकडीवर तो होता, आणि म्हणून या खेपेतल्या प्रत्येक प्रतीत तो त्याच जागी ऐकू येतो. कोणाच्या तरी हातून सुई निसटली असेल, किंवा गर्दीत कोणाचा धक्का लागला असेल. तो क्षण पुढच्या सगळ्या प्रतींत कायमचा उमटून राहिला. बूटलेग प्रत म्हणजे एका विशिष्ट तबकडीच्या वाजण्याचे ध्वनिमुद्रण आहे, असे मी म्हणतो ते या अर्थाने. अशी जी मूळ तबकडी पुढे हरवली किंवा फुटली, तिच्याबद्दल एवढाच पुरावा शिल्लक आहे.

हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. अॅम्प्लिफायरवर मोनोचे, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करणारे, बटण असेल तर ते दाबून पाहावे. आपल्या प्रतीवरची धूळ आणि वरवरच्या चरे-ओरखड्यांची खरखर मोनोमध्ये बऱ्याच अंशी कमी होते, कारण तिचा मोठा भाग सुईच्या वर-खाली होणाऱ्या हालचालीतून येतो आणि मोनोमध्ये तो कापला जातो. परंतु मोनो बूटलेग कोरतानाच जी खरखर गाण्यासोबत खाचेत शिरली आहे, ती आता संगीताचाच भाग बनलेली असल्यामुळे जागची हलत नाही. स्वच्छ दिसणारी तबकडी मोनोमध्येही खरखरतच राहिली, तर ती दुसऱ्या तबकडीवरून उतरवलेली असण्याचा संशय पक्का धरावा.

या व्यवहारातली जी गोष्ट मला अजूनही टोचते, ती पैशांच्याही पलीकडची आहे. फ्रँक विल्सन यांचे ‘डू आय लव्ह यू (इंडीड आय डू)’ हे गाणे 1965 मध्ये अमेरिकेतल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या ‘सोल’ या उपलेबलसाठी छापले गेले आणि विक्रीला जाण्याआधीच मागे घेण्यात आले. नमुना म्हणून काढलेल्या प्रती जवळजवळ सगळ्या नष्ट केल्या गेल्या. वाचलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक 2009 मध्ये 25,742 पौंडांना विकली गेली. परंतु 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात हे गाणे नृत्यक्लबांत पोचले तेव्हा त्यावर एडी फॉस्टर या दुसऱ्याच खऱ्याखुऱ्या गायकाचे नाव होते, आणि बूटलेगवरही तेच छापले गेले. 1979 मध्ये टॅमला मोटाउनने (मोटाउनच्या ब्रिटनमधल्या लेबलने) ब्रिटनमध्ये ते अधिकृतपणे काढले, तेव्हा कुठे लेबलवर गायकाचे स्वतःचे नाव आले. मानधन बुडवणे एकवेळ भरून काढता येते. माणसाने आपल्या गळ्याने गायलेले गाणे दुसऱ्याच्या नावावर छापणे हा अन्याय मला त्याहून मोठा वाटतो. फॉस्टरच्या नावाची ही बूटलेग सुरुवातीच्या काळातली नाही, पण कव्हर-अपची क्लृप्ती बूटलेगच्या हाती लागल्यावर काय होते ते हिच्याइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

क्लबांवर या प्रतींचा परिणाम दुहेरी झाला. गाण्याची बूटलेग बाजारात आली की नावाजलेले डीजे ते वाजवणे बंद करत, कारण त्यांची मक्तेदारी संपलेली असे. त्याच वेळी ते गाणे लहान गावांतल्या युवक मंडळांच्या नाचापर्यंत पोचे, जिथे मूळ प्रत कधीच पोचली नसती. ‘फक्त मूळ प्रतच वाजवायची’ हा दंडक या वर्तुळात आजही अनेकजण निष्ठेने पाळतात, आणि कार्यक्रमात पैसे घेऊन रेकॉर्ड वाजवणाऱ्याने तो पाळावा असे मलाही वाटते. घरी ऐकणाऱ्यावर मात्र ही सक्ती लादण्याचे कारण मला दिसत नाही.

घरी ऐकणाऱ्यासाठी खरे उत्तर परवान्याने निघालेल्या आवृत्त्यांमध्ये आहे. बूटलेगचा बाजार जोरात असतानाच मोठ्या कंपन्यांना ही मागणी दिसू लागली होती: आर. डीन टेलर यांचे 1967 चे एक गाणे टॅमला मोटाउनने 1974 मध्ये पुन्हा काढले आणि ते खपाच्या ब्रिटिश यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. त्याच वर्षी ‘पाय’ (Pye) या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीने याच श्रोत्यांसाठी डिस्को डिमांड ही मालिका सुरू केली. पुढे ग्रेपव्हाइन आणि 1982 पासून एस रेकॉर्ड्सच्या केंट या लेबलने हे काम फार निगुतीने केले. केंटची एखादी आवृत्ती मास्टर टेपवरून काढलेली असेल, तर ती बूटलेगनंतर लावून पाहावी. ज्या खंजिरीचा आपल्याला केवळ भास होत होता ती खोलीत येऊन उभी राहते. शिवाय त्या पैशांतला वाटा हक्कधारकापर्यंत जाण्याची सोय तिथे असते.

तेव्हा खरेदी करताना मी पाळतो ते असे. विक्रेत्याने ‘बूटलेग’ किंवा ‘प्रेसिंग’ (या वर्तुळात बूटलेगसाठीचाच सौम्य शब्द) असे स्पष्ट लिहिले असेल आणि किंमत त्याच गाण्याच्या चांगल्या परवानाधारक आवृत्तीच्या आसपास असेल, तर विचार करावा. ‘जुनी प्रत’, ‘त्या काळातली प्रत’ असे मोघम शब्द असतील, तर मोकळ्या पट्टीचा जवळून काढलेला फोटो मागावा, आणि तो द्यायला टाळाटाळ झाली तर विषय तिथेच सोडावा. ‘बूटलेगही आता जुनी झाली, म्हणून महाग’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. वयाने जुनी झाली तरी तिच्यातला आवाज सुधारत नाही. आणि संग्रहात ठेवताना पाकिटावर गायकाचे खरे नाव, मूळ कंपनी आणि ‘बूटलेग’ हा शब्द पेन्सिलीने लिहून ठेवावा, म्हणजे पुढे ही प्रत ज्याच्या हाती जाईल त्याला भिंग शोधावे लागणार नाही.