एनर्जीप्लसमधला चिलर: हिशेब चोख, पण कर्व्ह कुठून आला ते बघा

इमारतीला वर्षभरात किती ऊर्जा लागेल याचा अंदाज काढणारं एनर्जीप्लस हे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचं सॉफ्टवेअर २००१ पासून वापरात आहे. फुकट मिळतं, सोर्स कोड खुला आहे, आणि चिलरचं (एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या मशीनचं) गणित कसं होतं ते समीकरणांसकट त्याच्या इंजिनिअरिंग रेफरन्समध्ये दिलेलं आहे. दुसऱ्यांनी केलेली मॉडेलं तपासणं हे माझं काम, म्हणून इथे फक्त चिलरच्या भागाबद्दल लिहिते.

मुंबईतल्या एका ऑफिस इमारतीचं मॉडेल तपासायला आलं. वॉटर-कूल्ड सेंट्रिफ्युगल चिलर, रेटेड सीओपी (एका युनिट विजेमागे मिळणारं कूलिंग) ६, आणि वर्षाचा सीओपी चक्क साडेदहा! म्हणजे कूलिंगच्या एका टनामागे (सुमारे ३.५ किलोवॅट कूलिंग) जेमतेम ०.३३ किलोवॅट वीज. मुंबईच्या दमट हवेत असं मशीन मी एकाही प्लांट रूममध्ये पाहिलेलं नाही. एरर फाईलमध्ये मात्र चिलरबद्दल अवाक्षर नव्हतं.

आधी वर्षाचं एकूण कूलिंग भागिले चिलरची एकूण वीज असं करून पाहिलं. तासातासाच्या सीओपीची नुसती सरासरी काढली तर मशीन बंद असतानाची शून्यंही त्यात मिसळतात आणि आकड्याला अर्थ उरत नाही. उत्तर तेच आलं. मग कूलिंग टॉवरचं, म्हणजे चिलरची उष्णता बाहेर नेणारं, पाणी बघितलं. टॉवर अवाच्या सवा मोठा घेतला की पाणी कागदावर हवं तेवढं थंड होतं, हा नेहमीचा संशयित. इथे तसं नव्हतं. जुलैत पाणी २९ अंशांच्या आसपास होतं, वेट बल्ब, म्हणजे बाष्पीभवनाने पाणी जेवढं थंड होऊ शकतं ते तापमान, बघता अगदी बरोबर.

गडबड निघाली तिसऱ्या कर्व्हमध्ये. चिलरच्या ईआयआर मॉडेलला (वीज भागिले कूलिंग या गुणोत्तरावर चालणाऱ्या) तीन कर्व्ह, म्हणजे समीकरणं, लागतात. पाण्याच्या तापमानांनुसार क्षमता किती बदलते ते पहिला सांगतो, त्याच तापमानांनुसार वीज किती बदलते ते दुसरा, आणि लोड कमी झाल्यावर वीज किती उतरते ते तिसरा. या तिसऱ्यात फक्त लोडचा परिणाम हवा. मॉडेलमध्ये ५० टक्के लोडला त्याचं मूल्य होतं ०.३०, म्हणजे अर्ध्या लोडला वीज पूर्ण लोडच्या ३० टक्के. हा आकडा चिलर पुरवणाऱ्याच्या आयपीएलव्ही (वेगवेगळ्या लोडांची मिळून काढलेली कार्यक्षमता) तक्त्यातून उचलला होता. तक्ता खोटा नव्हता. पण एएचआरआय ५५०/५९० या अमेरिकी मानकाच्या त्या चाचणीत लोडबरोबर कंडेन्सरचं (टॉवरकडून येणारं) पाणीही थंड करत नेतात: १०० टक्क्यांना २९.४ अंश, ७५ ला २३.९, ५० आणि २५ ला १८.३. अर्ध्या लोडचा सीओपी १० आला तो १८.३ अंशांच्या पाण्यावर. थंड पाण्याचा फायदा दुसऱ्या कर्व्हमध्ये असतोच. तो तिसऱ्यातही घातला की दोनदा मोजला जातो. त्यामुळे मॉडेलमधलं मशीन भर जुलैत, २९ अंशांच्या पाण्यावरही अर्ध्या लोडला १० चा सीओपी देत होतं. चिलरचं थंड पाणी ६.७ आणि कंडेन्सरचं २९.४ या तापमानांमध्ये कार्नोची, म्हणजे कुठल्याही मशीनला ओलांडता न येणारी, कमाल मर्यादाच १२.३ आहे! त्याच तापमानांना हे मशीन पूर्ण लोडला ६ देतं, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याच्याही आत.

सॉफ्टवेअर गप्प का? रेफरन्स स्थितीत (रेटिंगची तापमानं आणि पूर्ण लोड) कर्व्हचं मूल्य १ च्या जवळ येतं का, हे ते बघतं. इथे ते येत होतं. पण दोन्हीकडची तापमानं त्याच्याकडे तासातासाला असतात, तेव्हा सीओपी कार्नोच्या फार जवळ गेला तर एक ओळीची सूचना यायला हवी. नवख्या इंजिनिअरला तिचा केवढा आधार होईल! पाचपैकी एक तारा मी याच्यासाठीच कापते.

बाकी चार मनापासून. कर्व्हच्या ठरवून दिलेल्या मर्यादांबाहेर ते भलतंसलतं गणित करत बसत नाही, मर्यादेचंच मूल्य घेतं. सोबतच्या डेटासेट फोल्डरमध्ये खऱ्याखुऱ्या चिलरांचे कर्व्ह आहेत; नावातच क्षमता, सीओपी आणि लोड कमी करायला व्हेन्स (झडपा) की व्हीएसडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) ते कळतं. तेवढं वाचून आपल्या मशीनशी जुळणारा उचला, पहिला दिसला तो नको.

पुरवठादाराकडे आयपीएलव्ही तक्ता मागू नका. कंडेन्सरचं पाणी २९.४ वर कायम ठेवून १०० ते २५ टक्के लोडचे आकडे मागा, आणि जमल्यास तसाच संच २६ आणि २३ अंशांचाही. या मॉडेलसाठी तसे आकडे मागवून तिसरा कर्व्ह नव्याने बसवला, तेव्हा वर्षाचा सीओपी सहाच्या थोडा वर येऊन थांबला.