पेलेट ग्रिल-स्मोकर: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते. पेलेट ग्रिल हा लाकडावर चालणारा ओव्हन आहे, आणि ओव्हन म्हणून तो फार उत्तम आहे. धगधगत्या निखाऱ्यावर चरचरीत भाजणं हे त्याचं काम नाही. कोळशाची शेगडी हटवून तिच्या जागी हा आणायचा बेत असेल तर हिरमोड होईल. पण मांसाचा मोठा तुकडा तासन् तास मंद आचेवर, धुरात शिजवायचा असेल आणि दर अर्ध्या तासाला उठून विस्तव बघणं शक्य नसेल, तर घरी वापरायला यापेक्षा चांगलं साधन मला तरी सापडलेलं नाही.

आतली रचना सोपी आहे. बाजूच्या हॉपरमध्ये, म्हणजे साठवणीच्या पेटीत, पेलेट, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या छोट्या कांड्या, भरायचे. तळाशी ऑगर नावाचा मळसूत्री दांडा फिरतो आणि ते थोडे थोडे करून फायरपॉटमध्ये, म्हणजे खालच्या छोट्या लोखंडी वाटीत ढकलतो. तिथली विजेची कांडी तापून लाल झाली की पेलेट पेटतात, पंखा वारा देतो. वाटीवर आडवा पत्रा असतो, त्यामुळे ज्वाळ अन्नाला लागत नाही. गरम हवा आणि धूर मात्र सगळीकडे फिरतो. सेन्सर तापमान मोजत राहतो आणि कंट्रोलर त्याप्रमाणे पेलेट कमी-जास्त सोडतो. ही कल्पना अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या जो ट्रेगर यांची. १९८६ मध्ये त्यांना पेटंट मिळालं, ते २००६ मध्ये संपलं आणि मग बाकीच्या कंपन्या या धंद्यात उतरल्या. आज बाजारात इतकी मॉडेलं दिसतात ती त्यामुळेच.

घेताना कंट्रोलर नीट बघा, बाकी चकचकाट नंतर. जुन्या पद्धतीचे कंट्रोलर ठरावीक वेळाने पेलेट सोडतात, त्यात तापमान बरंच वर-खाली होतं. पीआयडी कंट्रोलर तापमानाचा कल बघून पेलेट आणि पंखा दोन्ही जुळवून घेतो. माझ्याकडे पीआयडीवाला आहे. ११० अंश सेल्सिअसवर लावला की आकडा जेमतेम चार-पाच अंश हलतो. तरी पडद्यावरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. सेन्सर एका कडेला असतो, जाळीवर मधोमध वेगळंच तापमान निघतं. वेगळा थर्मामीटर जाळीवर ठेवून कुठला कोपरा जास्त तापतो ते एकदा पाहून घ्या.

माझ्या मते या यंत्राचं सगळं सार्थक पोर्कच्या खांद्याच्या मोठ्या तुकड्यात आहे. मीठ-मिरी लावलेला तुकडा फ्रिजमधून काढून थेट जाळीवर जातो. थंड आणि ओलसर पृष्ठभागावर धूर जास्त धरतो, म्हणून आधी बाहेर काढून ठेवायची गरज नाही. पहिले काही तास मांसाच्या आतलं तापमान सुरळीत चढतं आणि ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान अडून बसतं. तासभर, दोन तास, कधी त्याहून जास्त. नवखा माणूस इथेच घाबरून आच वाढवतो. खरं तर मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन उडत असतं आणि घामाने अंग गार होतं तसा तो तुकडा स्वतःला गार करत असतो. थांबायची तयारी असेल तर थांबा, वरचा खरपूस थर जास्त छान होतो. घाई असेल तर जाड कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळा, बाष्पीभवन थांबून आकडा परत चढायला लागतो. ९३ ते ९५ अंशांपर्यंत नेल्यावर आतलं कोलॅजन, म्हणजे चिवट प्रथिन, विरघळून त्याचं जिलेटिन झालेलं असतं. नंतर तासभर तसंच गुंडाळून मुरू द्यायचं. उघडल्यावर हाड चिमटीत धरून ओढलं की स्वच्छ सुटून हातात येतं, त्याला मांसाचा धागाही चिकटलेला नसतो. कापल्यावर कडेने गुलाबी पट्टा दिसतो. तो कच्चेपणा नाही. धुरातले वायू मायोग्लोबिनशी, म्हणजे मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाशी, जोडले जाऊन तो रंग टिकतो.

आता धुराबद्दल. लाकडाचे ओंडके किंवा कोळसा आणि लाकूड वापरणाऱ्यांना पेलेटचा धूर फिका वाटतो आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पंख्यामुळे पेलेट फार स्वच्छ जळतात. जितकं तापमान जास्त तितका धूर कमी. ८० ते ११० अंशांत चांगला वास धरतो. २०० च्या पुढे जवळपास साधा ओव्हनच उरतो. मला हा सौम्य धूर आवडतो, मासळी आणि कोंबडीला तर तोच शोभतो. ज्यांना उग्र हवा त्यांनी छिद्रांची स्मोक ट्यूब घ्यावी. पेलेट भरून, एक टोक पेटवून जाळीवर ठेवली की ती बराच वेळ धुमसत राहते. ग्रिल न पेटवता नुसत्या ट्यूबवर चीजलाही धूर देता येतो, फक्त आतली हवा ३० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. पेटवताना सुरुवातीला दाट पांढरा धूर येतो, त्यात अन्न ठेवलं तर कडवट होतं. तो विरळ, निळसर होईपर्यंत थांबा.

कोंबडी मंद आचेवर शिजवली तर कातडी रबरासारखी राहते. मी ती १९० अंशांच्या आसपास करते आणि सर्वांत जाड भागात ७४ अंश झाले की काढते. स्टेकला करकरीत कवच हवं असेल तर आधी धुरात शिजवून शेवटी कडकडीत तापलेल्या बिडाच्या तव्यावर टाकते. ग्रिलच्या जाळीवर ते होत नाही.

पेलेट म्हणजे दाबून केलेला लाकडाचा भुसा. लाकडातलं लिग्निन उष्णतेने मऊ होऊन तेच चिकटवण्याचं काम करतं, वेगळा गोंद लागत नाही. म्हणूनच पाणी त्यांचा शत्रू आहे. ओल लागली की ते फुगतात, परत भुसा होतात आणि ऑगरमध्ये सिमेंटसारखे घट्ट बसतात. चांगला पेलेट बोटांत मोडला तर कट्कन आवाज येतो, वरून चकाकी असते. आवाज न होता चुरा झाला तर ती पिशवी वापरू नका. मी झाकणाच्या डब्यात साठवते आणि काम झालं की हॉपर रिकामा करते. पिशवीवर सफरचंद किंवा चेरी लिहिलेलं असलं तरी पुष्कळदा आत ओक किंवा आल्डर अशा दुसऱ्या लाकडांचं मिश्रण असतं, तेवढं मागच्या बाजूला वाचून घ्या. घर तापवायचे पेलेट स्वस्त पडतात म्हणून यात कधीच घालू नका. त्यात कुठलं लाकूड आहे याची खाण्याच्या दृष्टीने काही हमी नसते. खप मंद आचेवर ताशी साधारण अर्धा ते एक किलो, जोराच्या आचेवर किंवा थंड वाऱ्यात बराच जास्त.

देखभाल टाळता येत नाही. फायरपॉटमध्ये राख साठली की पेटायला त्रास होतो. दर दोन-तीन मोठ्या स्वयंपाकांनंतर, सगळं पूर्ण गार झाल्यावर, व्हॅक्यूमने ओढून घ्या. चरबीच्या ट्रेचं त्याहून महत्त्वाचं. तिथे थर साचलेला असताना तापमान वाढवलं तर आतच भडका उडतो. बंद करताना सरळ प्लग काढायचा नाही. शटडाउनमध्ये पंखा चालू राहून वाटीतले पेलेट जळून संपतात, नाहीतर आग ऑगरमधून मागे हॉपरकडे सरकू शकते. लांबलचक स्वयंपाकात हॉपरमध्येही डोकावत राहा. कधी कधी मधले पेलेट संपतात, कडेचे तसेच अडून राहतात आणि वर भरलेला दिसणारा हॉपर खाली रिकामा असतो. हात फिरवला की झालं.

माझ्या ग्रिलची पेटवायची कांडी काही महिन्यांतच गेली. कंपनीने बदलून दिली, पण पाठपुरावा करावा लागला आणि तोवर मूठभर पेलेट वाटीत टाकून हाताने पेटवावे लागले. त्यामुळे घेण्याआधी कांडी, पंखा आणि सेन्सर सुटे मिळतात का, हे जरूर विचारा. वीज लागतेच: कांडी तापताना साधारण २०० ते ३०० वॉट, नंतर फार थोडी. आणि हा कायम मोकळ्यावरच ठेवायचा. गॅरेजचं दार उघडं असलं तरी आत नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.