डेटिंग ॲपच्या बायोतला डिस्क्लेमर: आठ महिने ठेवला, मग काढला

मी पुण्यात राहते, वय ३३, एका डेटिंग ॲपवर वर्षभर होते आणि त्यातले आठ महिने बायोच्या, म्हणजे प्रोफाइलवरच्या स्वतःबद्दलच्या ओळींच्या, शेवटी तो डिस्क्लेमर होता. तोच हो, माझे फोटो किंवा माहिती कुठल्याही व्यक्तीने वा संस्थेने अभ्यासासाठी किंवा इतर कशासाठी परवानगीशिवाय वापरल्यास कायदेशीर कारवाई होईल वगैरे. रूममेटच्या प्रोफाइलवरून उचलला होता, तिने आणखी कुणाच्या तरी. परवानगी अर्थातच कुणी घेतली नव्हती.

मूळ इंग्रजी मजकुरात यूसीसी १-३०८ असं काहीतरी होतं, ते बघून मला एकदम वकिलाने लिहून दिल्यासारखं भारी वाटलं होतं. नंतर शोधलं तर ते अमेरिकेतल्या व्यापारी व्यवहारांच्या कायद्याचं कलम निघालं, आणि २०१२ च्या आसपास फेसबुकवर 'माझी माहिती वापरू नका' असं बजावणारं जे फॉरवर्ड फिरत होतं त्यात हेच कलम आणि जोडीला रोम करार, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा, ज्यात भारत सामीलच नाही. युद्धगुन्हेगारांसाठीचा करार माझ्या सिंहगडावरच्या सेल्फीची राखण करणार होता म्हणे.

आता खरी गोष्ट. प्रोफाइलवर माझा हाफ मॅरेथॉनचा एक फोटो होता, घामाघूम पण हसरा, सगळ्यात जास्त लाइक त्यालाच. ऑक्टोबरमध्ये एकाला कर्वे रोडवर कॉफीला भेटले, मुलगा बरा होता, वडापाववरून छान वाद झाला, आणि मधेच तो मला आडनावाने हाक मारून म्हणाला, "दोन तास चौतीस, पहिल्या हाफला चांगलं टायमिंग आहे गं." ॲपवर मी फक्त नाव टाकलेलं, आडनाव कुठेच नाही. तर साहेबांनी फोटो झूम करून छातीवरचा बिब नंबर, म्हणजे रेसमध्ये धावणाऱ्याला मिळणारा क्रमांक, वाचला होता, रेसच्या रिझल्टच्या पेजवर टाकला होता, तिथे पूर्ण नाव, वयोगट, टायमिंग सगळं. त्याला वाटलं मी खूश होईन. मी विचारलं डिस्क्लेमर वाचला नाहीस का, तर म्हणतो, "वाचला की, पण मी वापरलं कुठे काय, नुसतं बघितलं." यावर मला आजही नीट उत्तर सुचलेलं नाही. कॉफीचे पैसे मात्र मी अर्धे दिले.

डिसेंबरमध्ये मैत्रिणीचा स्क्रीनशॉट आला. दुसऱ्याच एका ॲपवर माझे तीन फोटो, नाव भलतंच, गाव नाशिक, आणि खाली माझाच डिस्क्लेमर शब्दशः, मी घाईत 'परवानगीशिवय' टाइप केलं होतं त्या चुकीसकट!! तक्रार केली तेव्हा त्यांनी प्रोफाइलची लिंक मागितली, ओळखपत्र मागितलं, एक ताजा सेल्फी मागितला, चार दिवसांनी प्रोफाइल उडालं. तुम्ही बायोत ताकीद दिली होती का, असं एका शब्दानेही विचारलं नाही. आणि का विचारावं, ऑनलाइन तोतयेगिरी करून फसवणं हा आयटी कायद्याच्या ६६डी कलमाखाली गुन्हा आहेच, तुम्ही लिहा नाहीतर नका लिहू. फोटोच्या कॉपीराइटचंही तसंच, १९५७ च्या कायद्याने तो आपोआप मिळतो, वेगळी पाटी लावायला लागत नाही. फक्त तो सहसा फोटो काढणाऱ्याचा असतो, आणि माझा मॅरेथॉनचा फोटो रेसवाल्यांच्या फोटोग्राफरने काढलेला, म्हणजे 'माझे फोटो' म्हणायचीसुद्धा पंचाईत.

त्या मजकुरात 'अभ्यासासाठी' हा शब्द असतो ना, त्याचं मला सगळ्यात हसू येतं. २०१६ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी ओकेक्युपिड या डेटिंग साइटवरच्या जवळपास ७०,००० लोकांची माहिती, युजरनेम आणि खाजगी प्रश्नांच्या उत्तरांसकट, इंटरनेटवर टाकून दिली होती, आणि वर म्हणणं असं की हे आधीपासून सगळ्यांना दिसतच होतं की. माहिती गोळा करणारा प्रोग्राम एका फटक्यात सगळ्यांचं खरवडून नेतो, तो काय थांबून तुमची ताकीद वाचणारे? आणि कंपनीला काय परवानगी द्यायची ते आपण साइन अप करताना ॲग्री दाबून देऊन बसलेलो असतो, बायोत खाली काही लिहून ते परत घेता येत नाही.

बरं, डिस्क्लेमर वाचत कोण होतं? सज्जन लोक. तीनचार जणांचा पहिला मेसेजच "हाय, मी स्क्रीनशॉट वगैरे घेत नाही हं" असा, बिचारे. एकाने विचारलं तू वकील आहेस का. अशी सुरुवात झाली की पुढे गप्पा रंगत नाहीत.

फेब्रुवारीत तो काढला आणि त्याजागी एकच ओळ टाकली: पहिल्या भेटीआधी नंबर देत नाही, जास्तीचे फोटो मागू नका. ही ओळ जाम उपयोगी आहे, कारण ती वाचूनही जो दुसऱ्या दिवशी "नंबर दे ना यार" करतो त्याला तिथल्या तिथे अनमॅच करता येतं, म्हणजे संपर्कच बंद. बाकी मी किती अंतरावर आहे ते ॲपवर दाखवणं बंद केलं, ऑफिसचं नाव काढलं, लिंक्डइनवरचा फोटो इथे वापरायचा नाही असं ठरवलं, एवढ्यावर भागलं.

डिस्क्लेमरला पाचपैकी एक स्टार, तोही त्या नाशिकच्या प्रोफाइलवर माझी चूक मला लगेच ओळखता आली म्हणून. मॅरेथॉनचा फोटो अजून आहे, बिब कापलाय, आता कोपऱ्यात फक्त अर्धा ७ दिसतो.